मोजदाद

रात्रीचे पावणेदोन. थिएटरच्या दिव्याखाली सहा वर्षांची मुलगी आडवी आहे आणि निम्मं टेबल रिकामंच आहे. वजन साडेतेरा किलो. या वयाला ते वीसच्या आसपास हवं. हातपाय काटक्यांसारखे, मधे पोट तेवढं टम्म, ताणून चकाकणारं, त्यावर निळ्या शिरांचं जाळं.

मी हात धुऊन, गाऊन चढवून ट्रॉली लावतेय. मोठे मॉप पाच, गॉझ वीस, सुया चार. मी मोठ्यानं मोजते, समोरची सिस्टर माझ्याबरोबर मोजते आणि फळ्यावर आकडे लिहिते. पोट उघडण्यापूर्वी मोजायचं, बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजायचं. आत काही राहिलं नाही ना, याची खात्री करणं हे माझं काम. एकवीस वर्षं मी ते करतेय.

भूलतज्ज्ञ मॅडम मुलीच्या उशाशी उभ्या आहेत. सक्शन चालू करून त्यांनी हाताशी ठेवलंय, लांब वाकडा चिमटाही मागून घेतलाय. "नळी घालताना एखादा घशात वर आला तर," एवढंच त्या म्हणतात. ताप आला, भूल दिली, की हे जंत बिथरतात आणि वाट मिळेल तिकडे निघतात. या मुलीला चार दिवसांपूर्वी ताप आला. दुसऱ्या दिवशी उलटीतून वीतभर लांबीचा एक जंत बाहेर पडला. आईनं तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणला होता.

आईबाप बीडकडचे, ऊसतोडीला आलेले. कारखान्यामागच्या माळावर टोळीच्या कोप्या आहेत. परवा संध्याकाळी आई मुलीला खांद्यावर टाकून सिव्हिलला आली तेव्हा तिच्या अंगाला अजून उसाची कुसं चिकटलेली होती. "पोट दुखायलंय म्हणती, बाई. दोन दिस झालं, शी न्हाई का वारा न्हाई. कालपासनं हिरवं वकायली." मग थोडं थांबून, चूक कबूल करावी तशा आवाजात, "रातच्याला दात खायची. सासू म्हणली जंतच हायत. वावडिंगाचं पाणी पाजलं मी."

दात खाणं ही काही जंतांची खात्रीची खूण नाही. पण सासूचा अंदाज खरा होता.

सोनोग्राफीच्या वेळी मी तिला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी पोटावर प्रोब टेकवला आणि पडद्यावर रेल्वेच्या रुळांसारख्या जोडरेषा उमटल्या, एकीशेजारी एक, एकीवर एक. प्रत्येक जोडीच्या मधोमध आणखी एक बारीक नळी. ते त्या जंताचं स्वतःचं आतडं. लेकराच्या आतड्यात जंत, जंतात त्याचं आतडं, आणि त्यात लेकराचं जेवण. डॉक्टर हात स्थिर धरून होते, तरी पडद्यावरचे रूळ हळूच वळत होते.

अशा बहुतेक मुलांना सुरी लागत नाही. उपाशी ठेवायचं, सलाईन लावायचं, नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवायचं, खालून मिठाच्या दाट पाण्याचा एनिमा द्यायचा आणि वाट पाहायची. जंतांचा बोळा सैल होतो, पुढं सरकतो, लेकरू मोकळं होतं. वाट पूर्ण बंद असताना जंतांची गोळी मात्र आमचे सर्जन सर देत नाहीत. लुळे पडलेले जंत एकाच जागी घट्ट बसण्याची भीती असते. आम्ही वाट पाहिली. पण आज रात्री नाडी 150 वर गेली आणि पोट फळीसारखं कडक लागायला लागलं. साडेबाराला सर म्हणाले, "आता थांबायचं नाही."

"सुरी." मी देते.

बेंबीच्या वर आडवा छेद. पोटाचं शेवटचं पातळ अस्तर उघडताच लालसर, गढूळ पाणी वर येतं. सरांच्या कपाळावरची आठी तिथंच पडते. रंगावरून त्यांनी ओळखलंय. मी सक्शन पुढं करते.

वरचं आतडं आधी बाहेर येतं. सायकलच्या ट्यूबसारखं फुगलेलं, वारा आणि हिरव्या पाण्यानं भरलेलं. सर ते ओल्या मॉपवर ठेवतात आणि खाली खाली जात राहतात. मग त्यांचा हात थांबतो. जे बाहेर येतं ते आधी आतडं वाटतच नाही. दीड वीत लांबीचा तो भाग सुंभाची गुंडी कोंबून भरलेल्या पिशवीसारखा दिसतो. ताणून ताणून भिंत इतकी पातळ झालीय की आतला एकेक धागा वेगळा ओळखू येतो. आणि ते हलतायत. एक सरकतो, थांबतो. मग त्याच्या पलीकडचा.

आमची इंटर्न मुलगी श्वास रोखते. तिला वाटतं ते कुणाला कळलं नाही.

त्या बोळ्याच्या वजनानं आतडं स्वतःभोवती एक पूर्ण वेढा फिरलंय. पिळाच्या पलीकडं त्याचा रंग पिकल्या जांभळासारखा झालाय. सर दोन्ही हातांच्या ओंजळीत तो भाग घेतात आणि झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा पीळ उलटा सोडवतात. "गरम सलाईन. मॉप." मी मॉप भिजवून, पिळून देते. ते जांभळ्या आतड्याभोवती गुंडाळले जातात. मॅडम ऑक्सिजन वाढवतात. "घड्याळ बघा. दहा मिनिटं."

या दहा मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. रंग परतला तर आतडं राहील, नाही परतला तर तेवढं कापून टाकावं लागेल. मी मॉप बदलत राहते. गार झाला की काढायचा, गरम ठेवायचा.

"हे भिंतीला चिकटलेले असतात का सर?" इंटर्न विचारते.

"नाही. तेच तर याचं वेगळेपण," सर म्हणतात. नजर मॉपवर, आवाज खाली. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीला तोंड रोवून रक्त पितो. हा रक्त पीत नाही, हा जेवण जेवतो. याला आकडा नाही, तोंडाशी तीन ओठ तेवढे. आतडं सगळं सतत खाली ढकलत असतं, आणि वाहत्या पाण्यात मासा तोंड वर करून जागच्या जागी राहतो तसा हा त्या ढकलण्याच्या उलट पोहत राहतो. जन्मभर. एक-दोन वर्षांचं त्याचं आयुष्य या पोहण्यातच जातं.

मला हे माहीत होतं, तरी आज ऐकताना वेगळं वाटतं. म्हणजे या मुलीचं आतडं किती महिने दिवसरात्र ढकलतंय. ती झोपली असताना, कोपीत भावंडाला सांभाळत असताना, उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून आईची वाट बघत असताना. आतून एक ओढाताण चाललेली, आणि बाहेर तिला एवढंच कळत असणार की पोट दुखतंय.

सर बोलत राहतात. मला वाटतं ते इंटर्नसाठी जितकं बोलतात तितकंच स्वतःचे हात शांत ठेवण्यासाठीही. लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते, बारीक लव असलेली. त्या लवीमुळंच अन्न शोषायला एवढी मोठी जागा मिळते. पोटात जंतांचा भार वाढला की ती लव आखूड होते, बोथट होते. दुधातली साखर पचवणारा रस तिथंच तयार होतो, तो कमी पडतो. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, आणि घरचे म्हणतात, हिला दूध सोसत नाही. जेवणातला स्निग्धांश आणि अ जीवनसत्त्व नीट आत जात नाही. शिवाय आपण पचून जाऊ नये म्हणून हा जंत पाचकरसाला अडवणारं द्रव्य अंगात बाळगतो. लेकराच्या ताटातल्या डाळीचं पचनही त्यानं बिघडतं.

साडेतेरा किलो. मी पुन्हा मुलीच्या दंडाकडं पाहते. रक्तदाब मोजण्याचा लहानातला लहान पट्टा तिथं दोन वेढे घेऊन बसलाय.

"हिच्या आईनं खोकल्याचं सांगितलेलं सर," मी म्हणते. "दिवाळीनंतर पंधरा दिवस खोकत होती."

सर मान हलवतात. खोकला कशाचाही असू शकतो, पण हिशेब जुळतो. अंडं तोंडावाटे पोटात जातं आणि लहान आतड्यात फुटतं. त्यातली अळी तिथं राहत नाही. आतड्याची भिंत भेदून ती रक्तात शिरते, यकृतातून, हृदयातून फुफ्फुसात पोचते, दहा-चौदा दिवस तिथं वाढते, श्वासनळीतून वर घशाशी येते आणि लाळेबरोबर पुन्हा गिळली जाते. निघाली तिथंच परत. मग मात्र ती आतड्यातच मुक्काम करते आणि अंडं गिळल्यापासून दोन-तीन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागते. टोळी ऑक्टोबरअखेर इथं आली. आता जानेवारी संपतोय.

"फुफ्फुसातून जाते हे कळलं कसं?" इंटर्न.

"जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टरांनी 1922 साली जंताची 2000 अंडी स्वतः गिळली. थोड्या दिवसांनी त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या."

कुणीच काही बोलत नाही. मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. सर पुढं सांगतात की दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हे जंत होते. शेताला माणसाच्या मैल्याचं खत घालत. मग त्यांनी शाळाशाळांतून मुलांची शौचतपासणी लावली, औषध दिलं, खताची पद्धत बदलली, आणि पंचवीस-तीस वर्षांत हा जंत तिथून जवळजवळ गेला.

"दहा मिनिटं झाली," समोरची सिस्टर सांगते.

सर मॉप उचलतात.

जांभळा रंग कडेनं उतरलाय. आधी एक तपकिरी छटा, मग मधेच एक गुलाबी ठिपका, तो पसरत पसरत शेजारच्या ठिपक्याला मिळतो. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात सर दोन बोटं ठेवतात. "ठोका लागतोय." आणि आम्ही पाहत असताना त्या दमलेल्या आतड्यातून वरून खाली एक हलकीशी लाट जाते. कुणी हात लावलेला नाही. ते पुन्हा ढकलायला लागलंय.

मॅडम डोळे मिटून उघडतात. मास्कच्या वर तेवढंच दिसतं.

आता बोळा काढायचा. चांगल्या रंगाच्या भागावर सर दीड-दोन सेंटिमीटरचा उभा छेद घेतात. हाच छेद नंतर आडवा शिवायचा, म्हणजे आतड्याची वाट अरुंद होत नाही. वास येतो. तोंडाशी दोन टोकं दिसतात. पकडीनं हळूच धरून ओढायचं, घाई केली तर जंत तुटतो. पहिला निघतो, पांढरट गुलाबी, पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक, दोन्ही टोकांना निमुळता. मी ट्रे पुढं धरते. दुसरा. तिसरा. मग एकात एक अडकलेले सात एकदम. ट्रे जड होत जातो, हे मनगटाला कळतं.

मी मोजते. कुणी सांगितलेलं नाही. फळ्यावर जंतांसाठी रकाना नसतो. तरी मी मोजते.

सर शेवटचा जंत काढतात तेव्हा माझ्या ट्रेमध्ये 64 आहेत. काही बोटभर, काही वीतभर, दोन-तीन त्याहून लांब. एकाच वेळी पोटात गेलेले हे नाहीत. त्यात मागच्या वर्षीचेही असतील. नर ओळखू येतो, लहान असतो आणि शेपटी आकड्यासारखी वळलेली. मादी जाड, सरळ. माझ्या मोजणीत मादी 38. पूर्ण वाढलेली एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. गर्दीत प्रत्येकीची अंडी कमी होतात, आणि यातल्या सगळ्या वयात आलेल्याही नाहीत. निम्म्याच्या निम्मं धरलं तरी एका लेकराच्या पोटातून रोज एकोणीस लाख अंडी बाहेर पडत होती. कुठं? कोपीमागं, उसाच्या सरीत. टोळीतल्या कुठल्याच कोपीला संडास नाही.

आज पडलेलं अंडं आज कुणाला बाधत नाही. त्याला मातीत दोन ते चार आठवडे मुरावं लागतं, ओल आणि सावली लागते. उसाच्या फडासारखी ओल आणि सावली दुसरीकडं कुठं मिळणार? तिथं ते तयार होतं आणि वर्षानुवर्षं टिकू शकतं. चिकट असतं, नखात बसतं, भांड्याला लागतं, कांद्याच्या पातीवर राहतं. टोळी मार्च-एप्रिलमध्ये गावी जाते. माती इथंच राहते. पुढच्या दिवाळीला याच माळावर पुन्हा कोप्या पडतात आणि त्यांत रांगणारी नवी लेकरं असतात.

खालच्या भागात आणखी दहा-बारा जंत सुटे राहिलेत. त्यांच्यासाठी सर वेगळा छेद घेत नाहीत. दोन बोटांच्या चिमटीत आतडं धरून गाईच्या सडावरून हात यावा तितक्या हलकेपणानं ते जंत पुढं पुढं सारतात, लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरची झडप ओलांडून मोठ्या आतड्यात. तिथून ते आपले जातील. मग वरपासून खालपर्यंत, सगळं मिळून चार-एक मीटर आतडं बोटांखालून एकदा जातं. पित्ताची नळी चाचपून होते. तिथं एखादा शिरला असता तर दुखणं आणखी वेगळ्या वळणावर गेलं असतं. शिरलेला नाही.

"काउंट?"

"मॉप पाच. गॉझ वीस. सुया चार. करेक्ट, सर."

साडेतीनला शेवटचा टाका पडतो. मी ट्रेवर कापड टाकते.

बाहेर बाकावर आई पदर तोंडाला लावून बसलीय. बाप भिंतीला टेकून उभा. मी सांगते, आतडं कापावं लागलं नाही. आईला त्याचा अर्थ कळत नाही, ती माझ्या चेहऱ्याकडं बघते आणि त्यावरून समजून घेते. बाप विचारतो, "किती दिस ऱ्हावं लागंल?" मी सांगते. तो मान हलवतो. दोघांचा मिळून एक कोयता, आणि उचल घेतलेली. तो मनात काय मोजतोय ते मला ठाऊक आहे.

चौथा दिवस, सकाळ. मी दिवसपाळीला आलेय. ड्यूटी सुरू होण्याआधी वॉर्डात डोकावते तर आई कॉटजवळून उठून धावत येते. "बाई, वारा सरला! आत्ताच." शेजारच्या कॉटवरची बाई हसते, आईही हसते. एरवी कुणी ज्या गोष्टीचा उल्लेख करणार नाही त्या गोष्टीची वॉर्डात आज सगळ्यांना वर्दी गेलीय. दुपारी भांड्यात शी होते, त्यात पाच जंत. आई आता घाबरत नाही, वाकून मोजते आणि मला येऊन आकडा सांगते.

संध्याकाळी पेज. मुलगी चमचा स्वतःच्या हातात मागते. पहिला घोट घेते, थांबते, पोटाकडं बघते, जणू तिथून काही निरोप येईल. येत नाही. दुसरा घोट घेते. लहान आतड्याच्या आतलं अस्तर तीन-पाच दिवसांत नवं होतं, जुनं झडतं आणि खालून नवं वर येतं. शरीरात इतक्या लवकर नव्या होणाऱ्या जागा थोड्या आहेत. ती बोथट लव एवढ्यात भरून येणार नाही, वजनाला तर महिने लागतील. पण तिथं काम सुरू झालेलं आहे, आणि ते कुणाला दिसत नाही, म्हणून मी तिच्याकडं जरा जास्त वेळ बघत उभी राहते.

दुसऱ्या दिवशी सर जंतांची गोळी लिहून देतात. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एकच, चावून खायची. मुलगी तोंड वेडंवाकडं करते आणि खाते. आईबापाला आणि धाकट्या भावालाही. भाऊ दीड वर्षाचा, त्याला अर्धी, चुरून. हीच गोळी 2015 पासून जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत फुकट देतात, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना. मुलीचं नाव पहिलीच्या पटावर आहे, पण शाळा बीडकडच्या गावात आणि फेब्रुवारीत ती इथं. ऑगस्टमध्ये ती गावात असते. "मागल्या ऑगस्टात दिली का?" मी विचारते. आई आठवून बघते. त्या दिवशी मुलगी तापानं घरी होती.

"परत व्हतील का?" बाप विचारतो. त्याला खरं उत्तर हवंय.

"होतील," मी म्हणते. "गोळीनं पोटातले मरतात. मातीतले मरत नाहीत. हात धुतले, नखं कापली, शीवर निदान माती ओढली, तर कमी होतील."

"पानी टँकरचं हाय, बाई," तो म्हणतो. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मी पुढं बोलू शकत नाही.

सरांनी माळाजवळच्या आरोग्य केंद्रावर फोन केलाय. उद्या तिथली नर्स आणि आशाताई कोप्यांवर जाणार आहेत. गोळ्या किती घ्यायच्या ते त्यांनी विचारलंय. मी चिठ्ठी आणि पेन घेऊन कॉटवर बसते. मुलगी पाय माझ्या मांडीला लावून पडलीय.

"कोप्यांवर लेकरं किती?"

आई करंगळीपासून सुरू करते. मुकादमाच्या भावाची दोन. जावेची तीन. पलीकडच्या कोपीत चार, त्यातलं एक भाच्याचं. पहिला हात संपतो, दुसरा संपतो, पहिला पुन्हा सुरू होतो. "सतरा," ती म्हणते. मी लिहिते.

"कडेवरची धरलीस का?"

"ती बी धरायची?"

"वर्ष झालेली सगळी. आणि मोठी पोरंपोरी पण, कोयता धरणारी, एकोणिसाव्या वर्षापर्यंतची."

ती माझ्याकडं बघते, मग आपल्या बोटांकडं. आणि पुन्हा करंगळीपासून सुरुवात करते.